रविवारी युरोप झोपलेला असतो

दोह्यात आमच्या घरून नजमा भागातल्या बॅचलर खोल्यांवर रोज संध्याकाळी चौदा डबे जायचे. त्यातले तेरा दुसऱ्या दिवशी तसेच खरकटे परत यायचे. एकच डबा घासूनपुसून यायचा आणि त्याच्या वरच्या पुडात घडी घातलेली चिठ्ठी असायची.

अम्मीला वाटायचं, भाजीबद्दल काही लिहिलं असेल. ती हात पुसत यायची. "बघ गो, काय म्हणतात? मीठ कमी पडलं का?"

मी वाचायचे. "रोम ते पॅरिस. मंगळवार सकाळ. सव्वीस युरो. रिव्हिजन चार." खाली निळ्या शाईचा शिक्का. शिक्का इंग्रजीत होता, अर्थ असा की हे फक्त माहितीसाठी आहे.

"भाजीचं काही नाही?"

"नाही."

"मग चांगली झाली असेल," असं म्हणून ती परत आत जायची.

हे असं किती वर्षं चाललं मला नक्की सांगता येणार नाही. मी शाळेत होते तेव्हापासून चिठ्ठ्या येत होत्या. मला आधी वाटायचं, चिठ्ठ्या लिहिणारे हे काका सारखे युरोपला जात असतील. नंतर कळलं की त्यांनी नाशिक, मुंबईचा विमानतळ आणि दोहा याखेरीज काही पाहिलेलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. ते म्हणायचे, "नाव फक्त पासपोर्टवर बरोबर असतं. बाकी सगळीकडे लोक स्पेलिंग चुकवतात." नजमात आमच्यापासून दोन इमारती सोडून एका खोलीत ते आणखी पाच जणांबरोबर राहायचे. वय पन्नाशीच्या पुढे. दोह्याच्या उन्हाळ्यातही अंगात मळखाऊ रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, कारण त्यांच्या मते इथला माणूस उन्हाने आजारी पडत नाही, एसीने पडतो. खिशात स्वतःचा स्टीलचा चमचा. वेस्ट बेमधल्या एका उंच इमारतीत ते एका बांधकाम कंपनीचे नकाशे सांभाळायचे. आणि जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, पलंगावर पडल्या पडल्या, कुणीही न विचारता, युरोपातल्या दोन राजधान्यांमधलं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधायचे. रेल्वेचं किंवा विमानाचं, कुठलंही.

हे लिहिताना मला जरा भीती वाटते. लोक हसतात तसे तुम्हीही हसाल. हसायला हरकत नाही, आम्हीही हसायचो. पण मला शेवटपर्यंत सांगू द्या.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून दोनदा तरी यायचंच. "नाशिकरोडला उतरलेला माणूस नाशकात पोचलेला नसतो." म्हणजे तिकिटावरचं गावाचं नाव बघू नका, उतरायचं ठिकाण बघा. तिथून गाव किती लांब, बस आहे का, पहाटे उतरलात तर ती चालू असते का, हे सगळं धरलं तरच भाडं खरं. ते नेहमी तसंच धरायचे. त्यामुळे त्यांचं स्वस्त तिकीट हे बऱ्याचदा दुसऱ्यांच्या स्वस्त तिकिटापेक्षा महाग असायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एकदा पर्ल या दोह्याच्या श्रीमंत वस्तीत एका पुण्याच्या कुटुंबाकडे कोजागिरी होती. अम्मीने पन्नास माणसांचा पुलाव केला होता. अब्बांची ड्युटी होती म्हणून पातेली उचलायला काका आले होते. खाली बोटी उभ्या होत्या, वर गच्चीत दूध आटत होतं. त्या घरच्या बाई सगळ्यांना सांगत होत्या की डिसेंबरात लंडनहून पॅरिसला जायचं विमान त्यांना अगदी फुकटात मिळालंय. काकांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मॅडम, कुठल्या विमानतळावर उतरतंय?"

बाईंनी फोनमध्ये बघून नाव सांगितलं.

काका हळहळले. "अहो, हे नाशिकरोडसुद्धा नाही. हे मनमाड आहे."

सगळे हसले. बाईंना ते लागलं असावं. त्यांचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सोफ्यावरूनच म्हणाला, "बट अंकल, हॅव यू एव्हर बीन देअर?"

मला पातेल्यामागे लपावंसं वाटलं. काका मात्र शांतपणे म्हणाले, "नो बेटा. बट आय नो व्हेअर टू गेट डाउन."

मग पातेलं उचलून ते लिफ्टकडे गेले. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "बसचं भाडं धरलं तर रेल्वे बरी पडली असती त्यांना. पण आता घेतलंय तिकीट. स्वस्त तिकिटाला शब्द फिरवलेला चालत नाही."

माझ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत कुठेतरी काम शिकावं लागायचं. वर्गातल्या मुलांचे वडील कुठे ना कुठे साहेब होते, त्यांना जागा मिळाल्या. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अब्बा ड्रायव्हर. मला जागा कशी मागायची हेच माहीत नव्हतं. दोन अर्ज लिहून मी पाठवलेच नव्हते, कारण शेवटी "आपली विश्वासू" चालतं की नाही याची खात्री नव्हती. काकांना अब्बांकडून कळलं. त्या दिवशीच्या चिठ्ठीत भाडं नव्हतं. लिहिलं होतं, "इंजिनिअरला रविवारी आमच्याकडे पाठवा. पगार नाही, एसी आहे."

तेव्हापासून मी इंजिनिअर. मी पास व्हायच्या कितीतरी आधी.

बाविसाव्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात खिडकीतून क्रेन मोजता येत. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला काही वर्षं उरली होती आणि अख्ख्या शहराला एकच तारीख ठाऊक होती. रस्ते, नाले, पार्किंग, मेट्रोची दारं, सगळ्यांचे नकाशे शेकड्यांनी यायचे आणि दर आठवड्याला बदलायचे. काकांचं काम एवढंच, की साइटवरच्या माणसाच्या हातात शेवटचा बदल झालेला नकाशा असावा. "जुन्या नकाशावर भिंत उभी राहिली तर ती पाडावी लागते," ते म्हणायचे, "आणि पाडणारा माणूस नकाशा बदलणारा नसतो."

त्यांच्या टेबलावर तीन शिक्के होते. लाल शिक्का जुन्या, रद्द झालेल्या नकाशावर. निळा शिक्का फक्त माहितीसाठी पाठवलेल्या नकाशावर, म्हणजे यावरून काही बांधायचं नाही. आणि तिसरा हिरवा, अ‍ॅज बिल्ट. काम पुरं झाल्यावर ते प्रत्यक्षात जसं झालं तसा नकाशा काढतात, त्याच्यावर तो मारायचा. हिरव्या शिक्क्याचा पॅड वाळून तडकला होता, कारण आमच्याकडचं कुठलंच काम अजून पुरं झालेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी, रविवारी, मी फोन उचलून कुणाला तरी मोठ्याने उत्तर देत होते. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आज युरोप झोपलेला आहे."

आमच्या नकाशांचे सल्लागार युरोपातले. आपल्याकडे, म्हणजे दोह्यात, शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारपासून आठवडा सुरू, त्यांच्याकडे सोमवारपासून. त्यामुळे रविवारी पाठवलेल्या एकाही मेलला उत्तर यायचं नाही. दर रविवारी सकाळी काका रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीला हेच इंग्रजीत सांगायचे आणि ती दर रविवारी हसायची. त्यांना ती "मिस्टर युरोप" म्हणायची. रविवारी काम कमी, म्हणून त्या दिवशी ते आपलं रजिस्टर काढायचे.

ते रजिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नकाशांचं असतं तसंच आखलेलं. कुठून, कुठे, वार, भाडं, रिव्हिजन. उतरायचं स्टेशन. स्टेशनपासून गाव किती. पिण्याचं पाणी फुकट मिळतं का. आणि अगदी उजवीकडे एक रकाना: "सीमेवर काय होतं." पानामागून पान उलटलं, त्या रकान्यात एक अक्षर नव्हतं.

"हा रिकामा का, काका?"

"माहिती नाही म्हणून."

"इंटरनेटवर असेल की."

"लोक लिहितात काहीबाही. माहिती म्हणजे कुणीतरी जाऊन आलेलं पाहिजे."

मी विचारलं, राजधान्याच का? मधली चांगली चांगली गावं सोडून? ते चमचा रुमालाने पुसत राहिले. मग म्हणाले, "राजधानी म्हणजे सरकार. दोन राजधान्या म्हणजे दोन सरकारं. आणि मधे कुणी सही मागत नाही म्हणे." एवढं बोलून त्यांनी रजिस्टर मिटलं.

घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. अब्बा बूट काढत होते, ते तसेच थांबले.

"त्यांना ते नको विचारू, बाय."

"का?"

मग अब्बांनी सांगितलं. काका आधी दुसऱ्या कंपनीत होते. आई आजारी असल्याचा नाशिकहून फोन आला. तेव्हा देशाबाहेर जायला कंपनीच्या सहीचा परवाना लागायचा. सही करणारा माणूस सुट्टीवर परदेशात गेलेला. हातात तिकीट, भरलेली बॅग आणि हा माणूस दोन दिवस कंपनीच्या दारातल्या बाकावर. तिसऱ्या दिवशी सही झाली. घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

"कुणी वाईट नव्हतं गो," अब्बा म्हणाले. "सही करणारा जागेवर नव्हता, इतकंच."

मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. पुढे तो परवान्याचा नियमच गेला. ती बातमी आली त्या दिवशी ऑफिसात लोक एकमेकांना हात मिळवत होते, कुणीतरी खजूर वाटले. काकांनी फायलीतून परवान्याचं जुनं परिपत्रक शोधून काढलं आणि त्यावर लाल शिक्का मारला. जरा जास्तच जोरात मारला, कारण चहाचा कप हलला. बाकी त्यांच्यात काही बदल झाला नाही. दर शुक्रवारी नाशिकला फोन व्हायचा, काकू पलीकडून विचारायच्या, "आज कुठे निघालात?" आणि ते सांगायचे, "लिस्बन. पण माद्रिदहून." दोघं हसायची. निघायचं कुणीच नाही.

शेवटच्या वर्षाला असताना मला बुडापेस्टच्या एका विद्यापीठातून पत्र आलं. पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती होती, राहण्याजेवण्यासकट. शेवटच्या यादीत माझं नाव होतं, पण मुलाखतीला स्वतः जावं लागणार होतं. ती शिष्यवृत्ती नाही मिळाली तर माझं शिक्षण तिथेच थांबणार, हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. इतक्या लांब मुलाखतीसाठी जाणं आम्हाला झेपण्यासारखं नव्हतंच. पण नेमक्या त्याच पंधरवड्यात कॉलेज आम्हा चार जणींना एका कार्यशाळेसाठी व्हिएन्नाला नेणार होतं. दोहा ते व्हिएन्ना आणि परत, कॉलेजचं तिकीट. प्रश्न फक्त व्हिएन्ना ते बुडापेस्टचा होता.

मी पत्र घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. इतकी वर्षं ते हजारो तिकिटं शोधत होते आणि प्रवासी आज पहिल्यांदा समोर उभा होता.

मला वाटलं होतं, ते दोन मिनिटांत तिकीट काढतील. त्यांनी पंधरा दिवस लावले. रोज भाडं बघायचे, रोज नवीन रिव्हिजन. एकोणीस युरो, चोवीस, पुन्हा एकोणीस. "घेऊ या ना, काका," मी म्हणायचे. "थांब. अजून उतरेल." मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्यांना पुढचं पान माहीतच नाही. भाडं दिसलं की ते बंद करायचे. प्रवाशाच्या नावाची चौकट त्यांनी कधी उघडलीच नव्हती.

पंधराव्या रिव्हिजनला अब्बा स्वतः ऑफिसात आले, कार्ड घेऊन. "यल्ला, चला भाई," ते म्हणाले, "आता दाबा." काकांनी माझा पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर टाईप केलं, चार वेळा ताडून पाहिलं. मग दाबलं. तिकीट आलं, तेव्हा त्यांनी ते छापून घेतलं आणि सवयीने निळ्या शिक्क्याकडे हात नेला. मग हात मागे घेतला.

पत्रात अशी अट होती: मूळ कागदपत्रं मुलाखतीच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी आमच्या कार्यालयात स्वतः येऊन दाखवावीत, नाहीतर मुलाखत होणार नाही. मुलाखत सोमवारी सकाळी. आम्ही तिघांनी हे वाक्य वाचलं. सोमवारच्या आधीचा कामकाजाचा दिवस म्हणजे रविवार. तिकीट रविवार सकाळचं. परतीचं सोमवारी संध्याकाळी. न बदलता येणारं, न परत करता येणारं, सगळ्यात स्वस्त. आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अब्बा आयुष्यभर रविवारी कामावर गेले होते. मी रविवारी कॉलेजला जायचे. आणि काका, दर रविवारी ज्यांचा युरोप झोपलेला असायचा, तेसुद्धा मान हलवून म्हणाले, "रविवार. बरोबर."

व्हिएन्नात गुरुवारी दुपारी मी कार्यशाळेतून बाहेर आले तर फोनवर अकरा मिस्ड कॉल. सगळे काकांचे. मला वाटलं, घरी काहीतरी झालं.

"इंजिनिअर," ते म्हणाले. धापा टाकत होते, जिन्यात उभे असावेत. "आज वार कुठला?"

"गुरुवार."

"उद्या?"

"शुक्रवार. सुट्टी."

"कुणाची?"

समोरून ट्राम गेली, तिच्यात लोक ऑफिसच्या पिशव्या घेऊन बसले होते.

"कुणाची सुट्टी, सांग. आपली. त्यांची नाही. आत्ता इथे त्या सल्लागारांची मेल आली. सोमवारी मीटिंग आहे, एक कामकाजाचा दिवस आधी म्हणजे उद्या शुक्रवारी शेरे पाठवतो म्हणतात. मी तीनदा वाचली. उद्या, इंजिनिअर. आणि रविवारी..."

"युरोप झोपलेला असतो," मी म्हटलं.

मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी हे रोज सांगतो गं लोकांना."

मी रडायलाच लागले होते. त्यांनी मला रडू दिलं नाही. "आधी त्यांच्या ऑफिसला फोन कर. उद्या किती वाजेपर्यंत उघडं, विचार. मी धरून आहे." मी दुसऱ्या मुलीच्या फोनवरून विचारलं. पलीकडच्या बाई सभ्य होत्या. उद्या बारापर्यंत, त्यानंतर थेट सोमवारी, म्हणाल्या, आणि सोमवारी कागद बघणार नाही.

मी ते सांगितल्यावर काकांनी तोंडाने आकडे पुटपुटल्यासारखा आवाज केला. ते जागेवर परतले असावेत, फोनमधून कीबोर्डची खडखड ऐकू येत होती. कसली रिव्हिजन नाही, काही नाही. चार मिनिटांत तिकीट माझ्या फोनवर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं, त्याच संध्याकाळचं परतीचंही. त्यांच्या स्वतःच्या कार्डावरून. भाडं बघून मी घाबरले. त्यांच्या रजिस्टरात या मार्गावर एवढं भाडं कधी लिहिलं गेलं नसेल.

"काका, एवढं..."

"ऐक. गाडी मोठ्या स्टेशनवरून सुटते, हाउप्टबानहोफ. पश्चिमेकडचं जुनं स्टेशन नाही. तिथे गेलीस तर नाशिकरोड झालं. बुडापेस्टला उतरायचं केलेती स्टेशनवर. त्याच्या आधी कुठेही गाडी थांबली तरी उतरायचं नाही. डबा आणि सीट तिकिटावर आहे. खिडकी घेतलीय."

"खिडकी कशाला?"

"सीमा दिसायला नको का?" ते म्हणाले. माझं सगळं पणाला लागलेलं असताना त्यांनी खिडकी निवडली होती. मला रडता रडता हसू आलं.

शुक्रवारी गाडीत मी फाईल मांडीवर घट्ट धरून बसले. साडेदहाच्या आत पोचले. तिथून मेट्रो, मग थोडं चालणं, मग जिना. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याच सभ्य बाईंनी माझे कागद पाहिले, एक शिक्का मारला आणि म्हणाल्या, सोमवारी भेटू. मी जिन्यातच बसले आणि काकांना फोन लावला. "झालं," एवढंच म्हटलं. ते "खलास?" म्हणाले. मी म्हटलं, खलास. शुक्रवार होता, त्यांना सुट्टी होती. खोलीतल्या बाकीच्यांनी मागे टाळ्या वाजवलेल्या ऐकू आल्या.

त्या संध्याकाळी मी व्हिएन्नाला परत आले आणि रविवारी ते एकोणीस युरोंचं तिकीट वापरून पुन्हा गेले, कारण काकांनी बजावलं होतं, "ते शाबूत आहे, वाया घालवायचं नाही." सोमवारी मुलाखत झाली. मी अडखळत बोलले. एक प्रश्न तर मला समजलाच नाही आणि तसं मी सांगितलं. महिन्याभराने शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं. अम्मीने चौदाही डब्यांत शिरखुर्मा घातला. दुसऱ्या भाड्याचे पैसे घ्यायला काकांनी अब्बांना नकार दिला तो असा: "चुकीच्या नकाशावर भिंत मी बांधली. पाडणारही मीच."

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. दोह्याला परतल्यावरच्या पहिल्या रविवारचं, निकाल लागायचा होता तेव्हाचं.

कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या ऑफिसात गेले, तिथे काम नव्हतं. काकांनी रजिस्टर उघडून तयारच ठेवलं होतं. पेनचं टोपण काढलं.

"हं. सीमेवर काय होतं?"

मला फार अपराधी वाटलं. शुक्रवारी मला सीमा कळलीच नव्हती. मी फाईलमधले कागद पुन्हा पुन्हा मोजत होते. फोन वाजला, बघते तर नव्या देशात स्वागत असल्याचा मेसेज. म्हणजे सीमा मागे गेली होती. मी त्यांना ते तसंच सांगितलं.

"कुणी आलं नाही?"

"तिकीट बघून गेला होता एक जण, आधीच. नंतर कुणी नाही."

"गाडी थांबली असेल."

"थोडी थांबली. स्टेशन होतं. कुणी चढलंसुद्धा नाही. मग रविवारी मी मुद्दाम बघत बसले, काका. पवनचक्क्या होत्या, पुष्कळ. मका होता. समोर एक म्हातारी उकडलेलं अंडं सोलत होती. मेसेज आला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं."

"मग?"

"तिने वर पाहिलं नाही. सोलत राहिली."

"अंडं?"

"अंडं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं त्यांची निराशा झाली. एवढ्या वर्षांचा रिकामा रकाना, आणि मी त्यासाठी एक अंडं घेऊन आले होते.

"म्हणजे काहीच होत नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही."

"नक्की?"

"दोनदा गेले, काका. दोनदा परत आले."

त्यांनी त्या रकान्यात जपून, वळणदार अक्षरात लिहिलं: "काही होत नाही." मग माझं शुक्रवारचं तिकीट मागून घेतलं, ते महागडं. खणातून हिरव्या शिक्क्याचा पॅड काढला, त्यावर बाटलीतलं पाणी चार थेंब टाकलं, बोटाने चोळलं, आणि शिक्का मारला. फिकट उठला. अ‍ॅज बिल्ट. प्रत्यक्षात जसं झालं तसं. तिकीट त्यांनी रजिस्टरात चिकटवलं.

त्यानंतर ते बराच वेळ संगणकाकडे बघत बसले. मी फायली लावत होते. त्यांच्या पडद्यावर तेच नेहमीचं पान होतं, व्हिएन्ना ते बुडापेस्ट.

संध्याकाळी डबे परत आले. अम्मी कणीक मळत होती. मी वरच्या पुडातली चिठ्ठी उघडली. "व्हिएन्ना ते बुडापेस्ट. सप्टेंबर. खिडकी. प्रवासी दोन, काकू धरून. रिव्हिजन एक."

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मग उजेडात धरून पाहिली. निळा शिक्का कुठेच नव्हता.

"भाजीचं काही आहे का गो?" अम्मीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग चांगली झाली असेल."